मर्यादित खर्चात होम थिएटर: पाच डबे घ्यावेत की मोजकेच चांगले स्पीकर?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमधील आमच्या सदनिकेचा दिवाणखाना १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. ४३ इंची टीव्ही लांबीच्या भिंतीवर टांगलेला असून समोरचा सोफा पलीकडच्या भिंतीला टेकलेला आहे, त्यामुळे पडदा आणि कान यांत जेमतेम नऊ फुटांचे अंतर राहते. उजवीकडे भिंत व खिडकी आहे. डावीकडची बाजू जेवणाच्या जागेकडे पूर्ण उघडी आहे. फरशी व्हिट्रिफाइड आहे आणि पडद्यांखेरीज खोलीत मऊ असे फारसे काही नाही.

मूळ अडचण आईची आहे. तिचे वय ७४ वर्षे आहे. मालिका आणि चित्रपट पाहताना संवाद कळत नाहीत म्हणून ती आवाज वाढवत नेते आणि पार्श्वसंगीत सुरू झाले की आम्हीच दचकून तो कमी करतो. दिवसातून हे दहा वेळा होते. तेव्हा या वर्षी चाळीस हजारांपर्यंत खर्च करून एकदाच काय ते चांगले घ्यावे, असे ठरवले आहे. दुकानात गेलो तर विक्रेत्याने पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर (केवळ खालचे सूर वाजवणारी पेटी) आणि खोक्यावर ठळक छापलेले वॉटचे आकडे दाखवले. दुसऱ्या दुकानात साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबट स्पीकरची पट्टी, पुढे केला. ओळखीतील एक गृहस्थ मात्र म्हणतात की दोनच उत्तम स्पीकर घ्यावेत आणि बाकी सारे विसरावे. आमच्याकडे मालिका, ओटीटीवरचे चित्रपट आणि सकाळी आईचे अभंग व नाट्यसंगीत एवढेच ऐकले जाते. टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे नेण्यासाठी एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय केबलमधून) आणि ऑप्टिकल (प्रकाशाच्या केबलमधून) अशी दोन्ही आउटपुट आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तपकीरगल्ली

आपण खोलीची मापे दिलीत हे फार चांगले केलेत. अशा प्रश्नांत बहुतेक लोक केवळ रक्कम सांगतात आणि मॉडेलचे नाव विचारतात.

सोफा भिंतीला टेकलेला आहे, यातच अर्धे उत्तर दडलेले आहे. ५.१ रचनेत (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मागचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या किंचित मागे, म्हणजे समोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर असावेत, अशी अपेक्षा असते. आपल्या डोक्यामागे भिंत आहे आणि डाव्या हाताला जेवणाचे टेबल. तेथे स्पीकर लावायचा तर तो एक तर कानाला चिकटेल किंवा डाळ-भाताच्या पातेल्याशेजारी उभा राहील. जे स्पीकर योग्य जागी बसूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी पैसे मोडण्यात हशील नाही. चित्रपटातील पाऊस मागून ऐकू येण्याची मौज मोठी असते हे मी नाकारत नाही. परंतु ती पुढच्या घरासाठी राखून ठेवावी.

दुसरी गोष्ट संवादांची. ५.१ ध्वनिमुद्रणात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरसाठीच्या, म्हणजे सेंटर वाहिनीत (आवाजाच्या वेगळ्या प्रवाहात) असतात. टीव्हीला स्वतःचे दोनच लहानसे स्पीकर असतात, तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले, त्यामुळे तो सहा वाहिन्यांचा आवाज दोनांत कोंबतो आणि त्या गर्दीत संवाद दबतो. म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी हे करून पाहावे: ओटीटीच्या ज्या ॲपमध्ये ध्वनीचा पर्याय निवडता येतो, तेथे ५.१ ऐवजी साधा स्टिरिओ पर्याय लावावा आणि टीव्हीच्या मेनूत संवाद स्पष्ट करणारी जी सोय असेल ती सुरू करावी. काही घरांत एवढ्यानेच भागते.

तेवढ्याने भागले नाही, तर माझ्या मते प्राथमिक श्रेणीचा ५.१ रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन प्रत्येक स्पीकर चालवणारे यंत्र) आणि बुकशेल्फ, म्हणजे मांडणीवर मावणाऱ्या, स्पीकरची एक जोडी घ्यावी. त्यातील वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा भाग, पाच ते साडेसहा इंचांचा असावा. रिसीव्हरच्या मेनूत सेंटर स्पीकर ‘नाही’ असे नोंदवले की तो मधल्या वाहिनीचे संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये समसमान वाटतो आणि बरोबर मध्यावर बसलेल्या माणसाला ते पडद्यातूनच आल्यासारखे भासतात. पुढे पैसे जमतील तसे सेंटर, मग सबवूफर असे वाढवत न्यावे. रिसीव्हरला पंचवीस हजारांच्या आसपास, जोडीला दहा-बारा हजार आणि वायरला हजारभर रुपये असा हिशेब बसावा. माझा स्वतःचा संच असाच सहा वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी उभा राहिला.

खर्डेघाशा

तपकीरगल्ली यांच्या ज्ञानाबद्दल आदर बाळगूनही मला येथे असहमती नोंदवावीशी वाटते. ज्या घरात ७४ वर्षांच्या बाई दुपारी एकट्याने टीव्ही लावणार आहेत, तेथे रिसीव्हर आणून ठेवणे म्हणजे त्यांच्या हाती आणखी एक रिमोट देणे होय, आणि त्यावर चाळीस बटणे असतात. मी स्वतः हा प्रयोग केला आहे. वडिलांनी तीन दिवसांत सांगितले की, ‘तुझे ते यंत्र तूच ऐक’, आणि ते बातम्या पुन्हा टीव्हीच्याच आवाजात ऐकू लागले.

सबवूफरसह येणारा बरा साउंडबार किंवा एकाच कंपनीचा तयार ५.१ संच यांना हौशी मंडळी नाके मुरडतात. पण एक एचडीएमआय केबल जोडली की काम संपते. सोनीचा एचटी-एस२०आर हा ५.१ संच अनेक मध्यमवर्गीय घरांत दिसतो. त्याचा एकूण ४०० वॉटचा आकडा बाजूला ठेवला, तरी त्याच्या बारमध्ये सेंटरचा स्पीकर स्वतंत्र असतो, म्हणजे आईंना हवी असलेली नेमकी वस्तू त्यात आहे. शिवाय निम्मे पैसे वाचतात, हेही सांगितले पाहिजे.

जे काही घ्याल ते ऑप्टिकलने न जोडता एआरसीने जोडावे. ऑप्टिकल जोडणीत टीव्हीच्या रिमोटने बाहेरच्या स्पीकरचा आवाज सहसा कमी-जास्त होत नाही. एआरसीबरोबर टीव्हीच्या मेनूतील सीईसी ही जोडलेली यंत्रे एकाच रिमोटने चालवण्याची सोय सुरू केली की तोच जुना रिमोट पुरतो. आपल्या घरात हाच मुद्दा निर्णायक ठरेल, असे माझे मत आहे.

तपकीरगल्ली

रिमोटचा मुद्दा मान्य आहे. परंतु एआरसी आणि सीईसी रिसीव्हरलाही असतात. टीव्ही सुरू केला की तो जागा होतो आणि बंद केला की निजतो. चाळीस बटणांचा रिमोट कपाटात ठेवून द्यावा. खर्डेघाशा यांच्या वडिलांनी ‘यंत्र’ नाकारले त्याला रिसीव्हरइतकीच त्याची जोडणीही कारणीभूत असावी, अशी मला दाट शंका आहे.

तयार संचाबाबत माझा आक्षेप आवाजाहून अधिक आयुष्याविषयी आहे. अशा अनेक संचांत सर्व स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर सबवूफरच्याच पेटीत बसवलेला असतो आणि जोडण्याही त्या कंपनीच्या खास घाटणीच्या असतात. चार वर्षांनी ते सर्किट गेले की चांगले असलेले पाचही स्पीकर अडगळीत जातात. वेगवेगळे घटक घेतले तर जे बिघडेल तेवढेच बदलता येते. माझ्याकडील स्पीकरच्या जोडीने दोन रिसीव्हर पाहिले आहेत.

सोल्डरगन

मी गेली बावीस वर्षे रत्नागिरीत दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे माझे बोलणे थोडे वर्कशॉपमधले वाटेल.

आधी वॉटचे पाहू. खोक्यावर पीएमपीओ असे लिहिलेले दिसले तर तो आकडा वाचूच नये. तो क्षणार्धाच्या कमाल शक्तीचा काल्पनिक दावा असतो आणि त्याला कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी शक्ती, पाहावा, आणि त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. समजा ती ८७ डेसिबल आहे. याचा अर्थ एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज मिळतो. नऊ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटरवर तो आठ-नऊ डेसिबलने उतरतो, दोन स्पीकर मिळून तीनेक डेसिबल परत मिळतात आणि भिंती आणखी थोडी भर घालतात. म्हणजे केवळ एकेका वॉटमध्ये आपल्या सोफ्यावर ८० डेसिबलच्या पुढे आवाज पोहोचतो. दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात तो आवाज ६० च्या आसपास असतो. शिवाय वॉट दुप्पट केले तरी वाढ मिळते ती तीनच डेसिबलची. तेव्हा ११ फूट रुंदीच्या खोलीत हजार वॉट कोणाला हवे आहेत, हे त्या विक्रेत्याला एकदा विचारून पाहावे.

आता जुन्या मालाविषयी. चाळीस हजारांत जुना रिसीव्हर आणि जुने नावाजलेले स्पीकर घेतले तर पुष्कळ वरच्या दर्जाचा आवाज मिळू शकतो, पण पारख हवी. आमच्या कोकणच्या दमट हवेत स्पीकरच्या कडेचा फोम वर्षागणिक कुजतो. वरून तो शाबूत दिसतो आणि बोट टेकवले की काळ्या चिकट भुग्यासारखा हाताला लागतो. रबराची कड असेल तर ती पुष्कळ टिकते. जाळी काढून दोन्ही हातांची बोटे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याभोवती (याला कोन म्हणतात) समान अंतरावर ठेवावीत आणि कोन अलगद, सरळ आत दाबून सोडावा. तो निःशब्दपणे परत आला तर ठीक. आतून वाळूवर पाऊल पडल्यासारखी खर्र ऐकू आली तर आतली तारेची गुंडाळी (कॉइल) घासत आहे आणि तो स्पीकर तेथेच ठेवून यावे, मग किंमत कितीही उतरवून मिळो. जुना रिसीव्हर घेताना त्याला एचडीएमआय एआरसी आहे ना, हे मागच्या पट्टीवर वाचून खात्री करावी. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ मानकाबरोबर आले, त्यामुळे त्याआधीचे यंत्र कितीही भारदस्त असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

एक किरकोळ सूचना: सेट-टॉप बॉक्सची वायर जोडल्यावर स्पीकरमधून ‘हम्म’ असा सतत आवाज येऊ लागला तर स्पीकरला दोष देऊ नये. ती वायर काढून पाहावी. आवाज थांबला तर अर्थिंगचा घोळ आहे.

माजघर

आपल्या आईंच्या अडचणीविषयी कोणीच थेट बोललेले नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंचेही हेच होते. वयानुसार कानांची वरच्या कंप्रतेची जाण आधी कमी होते. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, परंतु स, श, त, क, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्याही वर होते. त्यामुळे ‘कोणीतरी बोलते आहे’ एवढे समजते, पण ‘काय बोलते आहे’ हे समजत नाही, आणि आवाज कितीही वाढवला तरी मोठे होतात ते स्वर आणि ढोल. स्पीकर घ्यावाच, पण त्याआधी कानांची तपासणीही करून घ्यावी. आमच्याकडे तपासणीत एका कानात नुसता मळ निघाला, हे मी संकोचानेच सांगते.

दुसरे असे की आई कोठे बसतात? सासूबाई सोफ्यावर कधीच बसत नाहीत. त्यांची खुर्ची खिडकीपाशी असते. अशी एका बाजूला बसणारी व्यक्ती असेल, तर दोन स्पीकरमधून मध्यावर भासणारा संवाद तिला मध्यावर भासत नाही, तो जवळच्या स्पीकरमधून येत राहतो आणि दुसऱ्याचा आवाज किंचित उशिरा पोहोचून शब्द अधिकच पुसट करतो. म्हणून तपकीरगल्ली यांचा ‘सेंटर नंतर घ्या’ हा सल्ला मला येथे पटत नाही. सबवूफर नंतर, मागचे स्पीकर तर कधीच नाही, पण सेंटर आधी घ्यावा. त्याचा आणखी एक लाभ म्हणजे रिसीव्हरच्या मेनूत जाऊन एकट्या सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वर ठेवता येते. संवाद चढतात आणि ढोल जागच्या जागी राहतात. आपली मूळ तक्रार हीच होती ना?

खोलीविषयी एवढेच की मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागून ‘ट्रर्र’ अशी झणझण ऐकू आली तर फरशी आणि भिंती शब्द एकमेकांकडे भिरकावत आहेत असे समजावे. आम्ही टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी घातली, खिडकीला पातळ पडद्याऐवजी दुहेरी पडदा लावला आणि सोफ्यामागच्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी केली. त्याने पडलेला फरक सासूबाईंनाही जाणवला, आणि त्यांना स्पीकर म्हणजे काय याच्याशी कर्तव्य नाही.

तपकीरगल्ली

माजघर ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. बसण्याची जागा विचारायला हवी होती, ती मी विचारली नाही. सेंटर घेताना तो डाव्या-उजव्या स्पीकरच्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेचा घ्यावा, नाहीतर पडद्यावर माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की मध्ये येताच त्याचा आवाज बदलतो. सेंटर टीव्हीच्या खाली ठेवला जाईल, तेव्हा पुढच्या बाजूस रबराचा तुकडा घालून त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानांकडे किंचित वर करावे. तो कपाटाच्या कप्प्यात आत ढकलून ठेवू नये, कडेशी आणावा.

सबवूफर वर्षभर लांबणीवर टाकल्याने फार बिघडणार नाही. समोरासमोरच्या ११ फुटांवरील दोन भिंतींमध्ये सुमारे ५१ हर्ट्झला नाद घुमतो, आणि आपला सोफा नेमका भिंतीला टेकलेला आहे, जेथे तो घुमारा सर्वांत अधिक असतो. खालचे सूर फुकटात वाढवून मिळतील. किंबहुना तक्रार झालीच तर ती जास्तीची होईल. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढता आला तर ओढावा. आणि सबवूफर नसल्याबद्दल खालच्या मजल्यावरील मंडळीही आपल्याला दुवा देतील.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी वृत्तान्त देत आहे.

ओटीटीवर स्टिरिओ पर्याय लावून पाहिला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. कानांची तपासणी झाली. वयोमानानुसार वरची कंप्रता उतरली आहे, सध्या श्रवणयंत्राची गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर आईलाच दुकानात घेऊन गेलो आणि पेन ड्राइव्हवर तिच्या नेहमीच्या ऐकण्यातले दोन अभंग नेले. विक्रेता मारधाडीचा प्रसंग लावू पाहत होता, आईने त्याला हातानेच थांबवले. तयार संचावर टाळ कानात टोचत होते आणि पखवाज वेगळा कोठेतरी कोपऱ्यात वाजत होता. बुकशेल्फ स्पीकरवर तोच अभंग लागला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त तेथील खुर्ची पुढे ओढून बसली.

अखेर रिसीव्हर २४,५०० रुपये, बुकशेल्फची जोडी १०,८०० रुपये, त्याच मालिकेतील सेंटर ६,२०० रुपये आणि १६ गेजची तांब्याची वायर ८०० रुपये असे एकूण ४२,३०० रुपये झाले. ठरवलेल्या रकमेपेक्षा २,३०० रुपये वर गेले, ते पत्नीने सतरंजीच्या नावावर मंजूर केले. सतरंजी माळ्यावरची जुनीच निघाली. सीईसी सुरू केले आहे आणि मोठा रिमोट कपाटात आहे. खर्डेघाशा साहेबांनी कृपया नोंद घ्यावी.

सेंटर तीन डेसिबल वर ठेवला आहे. पहिल्याच रात्री मालिकेतील सून हुंदके देत असताना आई म्हणाली, ‘अरे, ही नुसती रडत नसते, मध्ये बोलतेही!’

एक शंका मात्र उरली आहे. संवाद उत्तम आहेत, पण अभंग लावला की पखवाज पातळ वाटतो आणि गाणारा नेमका कोठे आहे हे कळत नाही. दुकानात असे नव्हते. खोलीचा दोष असेल काय?

सोल्डरगन

खोलीचा दोष नाही. एका स्पीकरची वायर उलटी जोडली गेली आहे, असे मला वाटते. स्टिरिओ गाण्यात एक कोन पुढे येताना दुसरा आत गेला की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला गायक विरघळतो. संवाद सेंटरमधून येत असल्यामुळे ते शाबूत राहतात. म्हणूनच घोळ अभंगात दिसला, मालिकेत नाही.

रिसीव्हर बंद करून त्याच्या बाजूची दोन्ही वायरींची टोके सोडवावीत. स्पीकरची जाळी काढावी. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेऊन, त्याचे धन टोक वायरच्या ज्या तारेवर तुम्ही धन म्हणून खूण केली आहे तिला आणि ऋण टोक दुसरीला क्षणभर टेकवावे. ‘टक्’ असा आवाज होईल आणि वूफर किंचित हलेल. तो बाहेर आला तर जोडणी बरोबर आहे, आत गेला तर त्या स्पीकरच्या मागची टोके अदलाबदल करावीत. दोन्ही स्पीकर तपासावेत. सेल धरून ठेवू नये, नुसता टेकवून काढावा.

गोदाकाठ

डावा आत गेला. टोके बदलली. पखवाज परत आला आहे. घड्याळ मात्र दहा मिनिटे मागे पडले आहे, ते आईने आताच दाखवून दिले.